रायरमामांचं सम्मत

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणी हरकत घेतली असती असं नाही, पण ज्या माणसानं आयुष्यभर जगाला 'सम्मत घेतलंत का?' एवढा एकच प्रश्न विचारला, त्याचं नाव त्याला न विचारता छापणं मला जमणार नाही. तंजावुरात सगळे त्यांना रायर म्हणत. तिथल्या निम्म्या मराठी माणसांना गाव रायरच म्हणतं, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला पत्ता लागायचा नाही. मी त्यांना रायरमामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला मामी. नाशिकहून मी तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवायला गेले आणि चार वर्षं त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला भाडेकरार वाचून दाखवला. सगळा, पहिल्या ओळीपासून. मी म्हटलं, "मामा, द्या इकडे, सही करते." त्यांनी कागद छातीशी धरला.

"न वाचतां सही? टीचर होऊन असं बोलतां?"

मग मी दीड तास ओसरीवर बसून ऐकलं की माडीवर नारळ फोडायचा नाही, जिन्यात चपला उलट्या ठेवायच्या नाहीत आणि उत्तरेच्या खिडकीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. प्रत्येक कलमानंतर ते चष्म्यावरून बघत, "समजलं?" आणि मी हो म्हटल्याशिवाय पुढे जात नसत. मामी तेवढ्यात दोनदा कॉफी ठेवून गेल्या. दुसऱ्यांदा जाताना म्हणाल्या, "आमच्या लग्नांत भटजीनं सुद्धां इतका वेळ घेटला नाही." मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांचं सतरावं कलम चाललं होतं.

मामा सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. जमिनी, घरं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं यांत त्यांचा जन्म गेलेला. निवृत्तीनंतर पुतण्यानं त्यांना एक फोन दिला आणि व्हिडिओ कसे काढायचे, कापायचे, जोडायचे ते शिकवून गेला. गावोगावच्या आपल्या मराठी घरांत कोण काय कसं करतं ते फोनवर घ्यायचं आणि इंटरनेटवर सगळ्यांना बघायला टाकायचं, असं मामांनी ठरवलं. पण टाकण्याआधी त्या साइटच्या अटी मान्य कराव्या लागतात. सगळं जग त्या न वाचता 'मान्य' दाबतं. मामांनी त्या वाचल्या. शब्दकोश मांडीवर घेऊन तीन आठवडे वाचल्या, समासात पेन्सिलीनं खुणा करता येईनात म्हणून आधी वहीत उतरवून काढल्या आणि मग मला हाक मारली, "टीचर, नवव्या कलमांत यांस म्हणायचं आहे तरी काय?" मला नववं कलम म्हणून काही असतं हेच माहीत नव्हतं.

ते काम कसं करत ते एकदा सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. फोनमधल्या एडिटिंगच्या ॲपमध्ये तुकडे कापून, जोडून व्हिडिओ तयार झाला तरी तो त्या ॲपच्या आतच असतो. तो बाहेर काढून एक सलग फाइल करायची, म्हणजे एक्सपोर्ट. मग ती फाइल साइटवर चढवायची. आपण एक्सपोर्टचं बटन उठता-बसता दाबू. मामांच्या लेखी मात्र एक्सपोर्ट म्हणजे नोंदणी होती. "तोवर तो कच्चा खर्डा, टीचर. एकदां नोंदणी झाली कीं झाली." म्हणून एक्सपोर्टच्या आधी व्हिडिओत जो जो दिसतो, ज्याचा ज्याचा आवाज येतो, त्या प्रत्येकाला तो पूर्ण दाखवायचा. मग तीन प्रश्न. पूर्ण पाहिलांत? समजलं? आपखुशीनं? तिन्हींना हो आलं की वहीत सही. कुणाला काही नको असेल तर तो तुकडा कापायचा, कारण विचारायचं नाही. आणि हे सगळं दोन साक्षीदारांच्या समोर.

पहिली साक्षीदार मी. दुसरी पूक्कारम्मा, म्हणजे आमच्या बोळाच्या तोंडाशी फुलं विकणारी बाई. सकाळचा धंदा आटोपला की ती दुपारी मामींकडे पाणी प्यायला येई, तेव्हा मामा तिला धरून बसवत. तिला मराठीचं अक्षर कळत नसे. मी एकदा म्हटलं, हिला काय बोलतात तेच कळत नाही, ही कसली साक्षीदार? मामा रागावलेच. "साक्षीदार मजकुराला नसतो, सहीला असतो! बाईनं सही करितांना पाहिलं, संपलं." पूक्कारम्मा मोगरा ओवत ओवत मान डोलवायची. तिच्याइतकं मन लावून ते व्हिडिओ मीही कधी पाहिले नाहीत.

एक्सपोर्टला लागलं की तो जुना फोन तापायचा. मग मामा पितळी ताटात ओला पंचा पसरून त्यावर फोन ठेवत आणि टक्के वाढताना बघत बसत. त्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. मामी म्हणत, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखे बसतांत."

त्यांच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला कोपऱ्यात एक जाडसर काळी सावली दिसते. तो मामांचा डावा अंगठा. फोन धरताना तो हमखास कॅमेऱ्यापुढे यायचा. मी त्यांना तेवढा भाग कापायला सांगितला. नाही म्हणाले. "असूं द्या. लिहून देणाराचा अंगठा आहे." शेवटी मी नाद सोडला.

साइटवर चढवताना ती साइट विचारते, हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? आपण 'नाही' दाबून पुढे जातो. मामा यावर दोन दिवस विचार करत होते. मुलांनी बघू नये असं यात काही आहे का? नाही. मग मुलांसाठीही आहेच की. नाही म्हटलं तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होईल. म्हणून ते दरवेळी 'होय' दाबत. आणि तिथे असा नियम की मुलांच्या व्हिडिओखाली कुणाला काही लिहिता येत नाही. त्यामुळे त्यांच्या एकाही व्हिडिओखाली कधी एक अक्षर आलं नाही. मी कारण समजावून सांगितलं, पण मामा खूश होते. "पहा टीचर, आमचे लोक कसे शांतपणें पाहतात." लोक म्हणजे बहुधा तेरा-चौदा जण. त्यातही व्हिडिओची नावं मराठीत पण तमिळ लिपीत, कारण मामांना देवनागरी धड वाचता येत नसे. महाराष्ट्रातल्या माणसाला ती सापडणं शक्य नव्हतं, आणि सापडली तरी वाचता आली नसती.

या सम्मतापायी व्हिडिओंचं काय व्हायचं, त्याची एक गोष्ट सांगते. पापनाशमला मामींच्या मावसबहिणीकडे मोठं पुरण घातलं होतं. मामा फोन घेऊन गेले आणि चाळीस मिनिटांचा मजकूर घेऊन आले. चार बायका पोळ्या लाटताहेत, गप्पा रंगल्यात, असं झकास सगळं. मी म्हटलं, मामा, हा चालणार. मामा तो घेऊन बसनं पुन्हा पापनाशमला गेले सम्मत घ्यायला. एकीला तिचा पदर बरा दिसत नव्हता. दुसरी सुनेबद्दल काहीतरी बोलली होती. तिसरीला मागची काळी कढई नको होती, आणि ती कढई सगळीकडे होती. चौथी म्हणाली, मी ठीक आहे, पण या तिघी नसतील तर मी एकटी कशाला. मामा तीन वेळा पापनाशमला गेले. शेवटी साडेतीन मिनिटं राहिली, त्यांत नुसते हात. लाटणारे, उलटणारे, तूप सोडणारे आठ हात आणि मधेच हसण्याचा आवाज. मला वाटलं मामा खट्टू झाले असतील. कसले! "सगळ्यांचं सम्मत मिळालं," म्हणाले, आणि ताटात पंचा पसरला.

तिरुवैयारुच्या एका वीणेच्या मास्तरांनी तर कमालच केली. वाजवलेलं पुन्हा ऐकताना त्यांना एक स्वर खटकला. कापा. मामांनी कापला. मग त्याच्या आधीचा खटकला. मग त्याच्या पुढचा. दोघंही हट्टी, दोघांनाही घाई नाही. दोन महिन्यांनी मास्तर म्हणाले, रायर, सगळंच काढा, श्रुती तेवढी ठेवा. तो व्हिडिओ अजून आहे. दोन मिनिटं तंबोरा चालतो आणि वीणेवर एक म्हातारा हात नुसता टेकलेला दिसतो. माझा स्वतःचा तो फार आवडता आहे, हे मी मामांना कधी सांगितलं नाही.

एकदा मी वैतागून मामींना म्हटलं, यांना हे वेड लागलं तरी कुठून? मामी वांगी चिरत होत्या. हात थांबवून त्यांनी मला सांगितलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मामा कुठल्याशा लहान गावच्या कचेरीत होते. एक म्हातारी आली, बरोबर तिचा पुतण्या. दस्त वाचून दाखवायचा असतो. जेवणाची वेळ झालेली, पुतण्या म्हणाला सगळं तिला माहीत आहे, आणि मामांनी न वाचता तिचा अंगठा घेतला. आठ दिवसांनी म्हातारी परत आली. तिनं मामांना विचारलं, माझ्या घराला कुलूप कां म्हणून? "त्या दिवशीं हे जेवले नाहींत," मामी म्हणाल्या. "आणि तेव्हांपासून रिटायर होईतों एक कागद न वाचतां पुढें सोडला नाही. लोक हंसायचे. वाचणारे रायर म्हणायचे. हंसूं देत."

त्यानंतर मी साक्षीदार म्हणून बसताना फोनमध्ये डोकं घालणं बंद केलं.

आता मामी. मामींनी व्हिडिओत यायला कायम नकार दिला होता. "तुमच्या वहींत माझी सही एकच पुरे, लग्नाची," असं म्हणायच्या. लग्नात सही केली नव्हती हे मामांनी निदर्शनास आणून दिलं, तेव्हा त्यांना त्या दिवशी रसम मिळालं नाही.

तंजावुरात घरोघरच्या बायका दुपारी जेवणाआधी कावळ्याला भात घालतात. कावळा म्हणजे घरातलं गेलेलं माणूस. मामी मागच्या अंगणातल्या कट्ट्यावर केळीच्या पानाच्या तुकड्यात भात आणि थोडं तूप ठेवून "का, का" करत. कावळा येई. एवढं सगळ्याच करतात. मामी त्याच्याशी बोलत. कावळा म्हणजे त्यांच्या लेखी त्यांची सासू, आत्याबाई. घरची बातमी रोज आत्याबाईंना सांगितली जायची. भेंडी जून निघाली, वरच्या टीचरला ताप होता, आणि तुमचा मुलगा आज पुन्हा फोन घेऊन पापनाशमला गेला, तुम्हीं त्याला लहानपणीं दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माडीवरच्या खिडकीतून रोज ऐकायची. आत्याबाई जिवंत होत्या तोवर दोघींचं फारसं पटत नव्हतं, असं मामीच सांगत. कावळा झाल्यापासून मैत्री झाली होती.

एका रविवारी मामांनी न्हाणीघराच्या दारातून हे सगळं फोनवर घेतलं. मामींची दाराकडे पाठ नव्हती, पण लक्ष सगळं कावळ्याकडे. सहा मिनिटं चाळीस सेकंद. मामांच्या अंगठ्याची सावली, मग ऊन, कट्टा, हिरवं पान, काळा कावळा, आणि मामी बोलताहेत, हातवारे करताहेत, नवऱ्याची तक्रार सांगून सासूला हसवताहेत. कावळाही असा मान वाकडी करून बसलेला की उठायचं नाव नाही. आणि शेवटी मामींनी मान वर केली, दारात मामा दिसले, आणि त्या त्यांना एक वाक्य बोलल्या. मामांनी 'हूं' केलं. तिथे व्हिडिओ संपला. इतक्या वर्षांत मामांनी घेतलेला पूर्ण चेहरा असलेला तो एकच व्हिडिओ, आणि कापायला काही नव्हतंच.

नियम म्हणजे नियम. मामांनी मला आणि पूक्कारम्माला बोलावलं आणि मामींना तो दाखवला. मामी आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून बघत राहिल्या, आणि संपल्यावर भडकल्या.

"हें माझं आणि आत्याबाईचं बोलणं आहे. गांवाला कां म्हणून दाखवायचं?"

"सम्मत नाही?" मामांनी वही उघडली होती.

"नाही."

"सरि, बरं. पुसतों."

मामांनी खरोखरच बोट उचललं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मामींनाही बघवला नसावा.

"पुसूं नका हो," त्या म्हणाल्या. "राहूं द्या आंतच. मी गेल्यावर टाका. तेव्हां मज लाज कोठली?"

मामांनी ते शब्दाला शब्द वहीत लिहिलं, तीन प्रश्न विचारले, मामींनी तिन्हींना "हो हो हो" म्हणून सही केली आणि पूक्कारम्माला ताक आणायला गेल्या. खाली मी सही केली. पूक्कारम्मानं अंगठा दिला.

दीड वर्षानं मामी गेल्या. फार दुखणं नाही. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी पहाटे संपलं. दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजीसुद्धा म्हणाले, इतक्या लवकर शिवलेला पाहिला नाही. मामींचं कावळ्यांशी जुनं होतं.

मला वाटलं, आता मामा तो व्हिडिओ टाकतील. महिना गेला, दोन गेले. ते रोज दुपारी कट्ट्यावर पान मांडत, भात घालत आणि उभे राहत. "का, का" सुद्धा म्हणत नसत. कावळा आपला येई, खाई आणि थोडा वेळ वाट बघून उडून जाई. एकदा मी खिडकीत दिसले तेव्हा म्हणाले, "हिला रोज इतकं काय सुचायचं, टीचर? मज एक शब्द येईना." मला खाली जाऊन त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं. मी गेले नाही, आणि ते मला अजून लागतं.

पावसाळा सरताना त्यांचा फोन बिघडायला लागला. बॅटरी फुगली, पुरीसारखी. मागचं झाकण उचकटून आलं. मी तो गांधीजी रोडवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, याचा बोर्डही गेलाय, आठ-पंधरा दिवस चालला तर नशीब, आत जे असेल ते काढून घ्या. आत काय होतं ते मला माहीत होतं. बाकी सगळे व्हिडिओ केव्हाच बाहेर पडले होते. मामींचा तेवढा आत होता.

मी पळत घरी आले. "मामा, आजच्या आज एक्सपोर्ट करा. मामींनी सम्मत दिलंय. वहीत आहे. मी साक्षीदार आहे."

मामा झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "पूक्कारम्मा गांवाला गेली आहे."

पूक्कारम्मा दोन दिवसांनी आली. मग म्हणाले, वहीत तारीख लिहायची राहिली आहे. तारीख होती, मी दाखवली. मग म्हणाले, मृत्यूचा दाखला जोडायला पाहिजे. तो त्यांच्याच कपाटात होता, मी काढून आणला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दस्तांत चुका काढलेला माणूस स्वतःच्या दस्तात चुका शोधत होता आणि त्याला त्या सापडत नव्हत्या.

मी म्हटलं, "बरं, एक्सपोर्ट नको. मी नुसती त्याची कॉपी काढून ठेवते. कुणाला दाखवू नका."

"नोंदणीच्या आधीं नक्कल? तीस वर्षांत दिली नाही मी."

मग मात्र माझा तोल गेला. मी त्यांना बरंच बोलले. मामी हलताना, बोलताना जगात फक्त या एका ठिकाणी आहेत, आणि तुमच्या कायद्यापायी त्या दुसऱ्यांदा जातील, असंसुद्धा बोलले. घरमालकाला आणि वडिलांच्या वयाच्या माणसाला.

मामा रागावले नाहीत. फार हळू म्हणाले, "टीचर, त्या व्हिडिओंत पार्टी किती?"

"एक. मामी."

"दोन. शेवटीं माझा आवाज आहे. ती माझ्याशीं बोलते." त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या पार्टीचं सम्मत आहे, पण तें 'मी गेल्यावर'. मी बटन दाबलं म्हणजे ती गेली, असं मी लिहून दिलं. दुसऱ्या पार्टीचं सम्मत नाही. काय करूं?"

मी वर निघून गेले आणि रडले.

पुढचे चार-पाच दिवस मी कॉलेजातून आले की आधी फोन चालू आहे का ते बघायची. मामा तो चार्जरवरून काढतच नसत. आणि मग एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, खालून हाक आली.

"टीचर, येऊन जा. साक्षीला."

पूक्कारम्मा आधीच येऊन बसली होती. पितळी ताट, ओला पंचा, वही, सगळं मांडलेलं. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कचेरीत घालत तसला.

"दुसरी पार्टी सम्मत देते," ते म्हणाले. "पण एक तुकडा कापून. सगळ्यांस तो हक्क दिला. मी कधीं घेटला नाही. आज घेतों."

त्यांनी व्हिडिओ पहिल्यापासून लावला. अंगठा, ऊन, कट्टा, कावळा. मामींचा आवाज त्या माजघरात भरला, तशी पूक्कारम्माची ओवती बोटं थांबली. "मामी पेसरांग," ती माझ्या कानात म्हणाली. मामी बोलताहेत. जणू मला दिसत नव्हतं. शेवटी मामींनी मान वर केली, दाराकडे बघितलं, ते वाक्य बोलल्या, मामांचं 'हूं' आलं. मामांनी व्हिडिओ थोडा मागे घेतला आणि मामींनी मान वर केली त्याच्या पुढचं कापून टाकलं. चार सेकंद होती.

मग त्यांनी वही माझ्याकडे दिली. "स्वतःस कसं विचारूं? तुम्ही विचारा."

मी विचारलं, "पूर्ण पाहिलंत?"

"पाहिलं."

"समजलं?"

"समजलं."

"आपखुशीनं?"

त्यांनी अंगणाच्या दाराकडे पाहिलं. मागच्या अंगणात कावळा ओरडला. जेवणाची वेळ टळत होती. मामा म्हणाले, "हो," आणि सही न करता त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवून वहीवर उमटवला.

मग बटन दाबलं. वीस टक्के, तीस टक्के. पंच्याहत्तरला पडदा अचानक काळा झाला. मामांनी पंच्याचं टोक भिजवून फोनच्या पाठीला लावलं, एखाद्या तापल्या कपाळाला लावावं तसं. उजेड परत आला. शहाऐंशी. चौऱ्याण्णव. शंभर झाले तेव्हा पूक्कारम्मानं हात जोडले.

साइटनं नेहमीचा प्रश्न विचारला, हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? मी सवयीनं 'होय'कडे बोट नेलं. मामांनी माझा हात अडवला.

"नाही लिहा. हें मुलांस काय कळणार?"

ते उठले, भाताचं पान घेऊन अंगणात गेले. मी माजघरातून ऐकलं. ते "का, का" म्हणाले आणि मग म्हणाले, "ऐक, आज टाकला बरं कां तुझा." पुढचं मी ऐकलं नाही. ते सासूसुनेचं नव्हतं, पण तितकंच घरचं होतं.

फोन त्याच आठवड्यात कायमचा बंद पडला. दुकानदाराला त्यातून काहीच काढता आलं नाही.

मी आता नाशिकला असते. मामींचा व्हिडिओ अधूनमधून बघते. 'नाही' दाबल्यामुळे त्याखाली लोकांना लिहिता येतं, आणि लोक लिहितात. मामांनी नाव तमिळ लिपीत लिहिलं तरी कोण कसं शोधून येतं देव जाणे. सेलमहून, बंगळुरूहून, पार सिंगापुराहून. आमची आई पण कावळ्याशी अशीच बोलायची. हे शब्द मी तीस वर्षांनी ऐकले. असं बरंच. मामा पुतण्याच्या फोनवरून प्रत्येकाला एकच उत्तर देतात, 'पूर्ण पाहिल्याबद्दल आभारी आहे'.

एका बाईंनी मात्र विचारलं आहे, शेवटी त्या मान वर करून हसतात, काहीतरी बोलणार असं वाटतं आणि तिथेच तुटतं. त्या काय म्हणाल्या? त्याला मामांनी उत्तर दिलेलं नाही.

त्या चार सेकंदांची माहिती असलेली माणसं आता जगात तीन. एक मामा. दुसरी पूक्कारम्मा, पण तिला मराठी येत नाही. तिसरी मी. वाक्य अगदी साधं होतं, कुठल्याही घरात कुठलीही बायको नवऱ्याला म्हणेल असं, आणि ते मला पाठ आहे. हे लिहायला बसले तेव्हा शेवटी ते लिहायचं असं मनात होतं. पण ते लिहायला माझ्याकडे सम्मत नाही.